'भांडी घासलीस का?' हे पोर्तुगीजमध्ये कसं विचारायचं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पोर्तुगीज शिकायची असेल तर हॉटेल-एअरपोर्टच्या वाक्यांनी सुरुवात करू नका, घरकामापासून करा, केर, भांडी, धुणं, कचरा, कारण तिथे ती भाषा रोज कानावर पडते आणि रोज लागते. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. उच्चार मी देवनागरीत जवळपासचे लिहितेय. जिथे 'ज्य' लिहिलंय तिथे ज आणि श यांच्या मधला मऊ आवाज धरा, आणि शब्दाच्या शेवटी 'उं' आला की तो नाकातून काढा.

ब्रागा, पोर्तुगाल इथून, मूळच्या नाशिकच्या एक वाचक

नमस्कार ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे मी ऑगस्टमध्ये इथे आले. स्वतःचं घर मिळेपर्यंत एका सत्तरीच्या आजींकडे वरची खोली घेतलीय, किचन कॉमन आहे. मोबाइलच्या ॲपवर सहा महिने शिकले पण त्यात मुलगा सफरचंद खातो, मांजर दूध पितं असली वाक्यं, कचरा कुठे टाकायचा ते विचारायचं कसं हे आलंच नाही. मी आधी इंग्रजीत वाक्य जुळवते, मग त्याचं पोर्तुगीज करते, तोवर आजी किचनमधून निघून गेलेल्या असतात. दिवसा वॉशिंग मशीन लावलं तर त्या घड्याळाकडे बोट दाखवतात. त्या रागावत नाहीत पण मला सारखं वाटतं माझं काहीतरी चुकतंय. शिवाय ॲपमधली बाई आणि या आजी एकच भाषा बोलतात असं वाटतच नाही. कुठून सुरू करू?

उत्तर: ताई, इंग्रजीचा मधला जिना काढून टाका, हे पहिलं. तुम्ही मावशीकडे पहिल्यांदा राहायला गेलात तर काय विचारता? 'मावशी, कचरा कुठे टाकतात?' 'हा डबा कुठे ठेवतात?' 'गिझर कसा लावतात?' यात कोण टाकतं, कोण ठेवतं हे नसतंच, 'टाकतात' म्हणजे या घरची रीत काय आहे. पोर्तुगीजमध्ये अगदी हेच होतं, फक्त त्यासाठी क्रियापदाच्या आधी एक छोटासा 'स' लागतो. 'ओंद ए के स पोंय उ लीशू?' म्हणजे कचरा कुठे टाकतात. 'ओंद ए के स ग्वार्दा इश्तू?' हे कुठे ठेवतात, हातात झारा धरून विचारलं तरी चालतं, झाऱ्याचा शब्द यायची गरज नाही. 'कोमू ए के स लीगा उ श्केंतादोर?' गिझर कसा लावतात, तिकडच्या बऱ्याच घरांत गॅसवरचा असतो त्याला श्केंतादोर म्हणतात, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय लावू नका. या तीन वाक्यांवर तुमचे पहिले पंधरा दिवस निघतील, खरंच सांगते.

आता दुसरी गंमत, जी मला स्वतःला ही भाषा आवडायचं मोठं कारण आहे. आपण 'भांडी घासलीस का?' याला 'हो' म्हणत नाही, 'घासली' म्हणतो. 'येतोस का?' 'येतो.' पोर्तुगीज माणूसही असंच उत्तर देतो, क्रियापद उचलून. 'व्हाइश पोर आ मेझा?' टेबल मांडतेस का, 'व्हो', मांडते. आणि 'ज्या' हा शब्द तर घरात दिवसभर चालतो, त्याचा अर्थ 'झालं, आधीच'. 'ज्या लव्हाश्त आ लोयसा?' भांडी घासलीस का, उत्तर नुसतं 'ज्या', म्हणजे झाली. नसतील झाली तर 'आइंदा नाउं', अजून नाही. एवढं आलं की आजींनी विचारलेल्या निम्म्या प्रश्नांना तुम्ही उत्तर देऊ शकता.

एक चूक मात्र आपण मराठी माणसं हमखास करतो. आपली भांडी अनेकवचनी, कपडेही अनेकवचनी. त्यांची 'लोयसा' एकवचनी, 'रोपा' म्हणजे कपडे तेही एकवचनी, ढीगभर असले तरी. त्यामुळे 'आ लोयसा श्ता लव्हादा', भांडी घासलेली आहेत, हे एकवचनातच म्हणायचं. लोयसा काही लोक 'लोसा' असंही म्हणतात, दोन्ही बरोबर.

आजींना हाक कशी मारायची हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते कारण इथे बरेच जण अडखळतात. ॲपमध्ये 'व्होसे' शिकवतात तुम्ही या अर्थाने, ब्राझीलमध्ये ते रोजचं आहे. पोर्तुगालमध्ये वयस्कर बाईला तोंडावर व्होसे म्हटलं तर तुटक वाटतं, कधी कधी उद्धटही. तिथे 'आ स्न्योरा' म्हणा किंवा नावाआधी 'दोना' लावा, आणि क्रियापद तृतीयपुरुषी ठेवा. 'आ स्न्योरा केर के एव लाव्ह आ लोयसा?' म्हणजे मी भांडी घासू का, असं. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण हे बघूनच बोलतो ना, तुमच्या कानाला हे लगेच बसेल, इंग्रजीतून गेलात तर बसणार नाही कारण तिथे सगळ्यांना एकच.

घड्याळाचं कोडं सोपं आहे. तिथे वीजबिलाचा एक प्रकार असतो, 'बिओराऱ्या', दोन वेळांचे दोन दर. रोजच्या चक्राच्या मीटरवर रात्री दहा ते सकाळी आठ वीज स्वस्त पडते म्हणून खूप घरांत मशीन दहानंतरच लागतं, आजी बहुतेक तेच सांगतायत. पण रात्री अकरा ते सकाळी सात ही शेजाऱ्यांच्या शांततेची वेळ कायद्याने धरलेली आहे, त्यामुळे लाकडी जमिनीच्या जुन्या घरात मशीन थडथडत असेल तर छोटा प्रोग्रॅम लावून मोकळं व्हायचं. आजींना विचारा, 'आ के ओराश पोसू लिगार आ माकिना?' किती वाजता मशीन लावू. मशीनवर 'आल्गुदाउं' म्हणजे सुती, 'लां' म्हणजे लोकर, 'सेंत्रिफुगासाउं' म्हणजे पिळणं.

या पिळण्यावरून एक आठवण. लिस्बनमधला माझा पहिला हिवाळा, ग्रासा भागात तिसऱ्या मजल्यावर राहत होते. खिडकीबाहेर दोऱ्या असतात त्याला 'श्तेंदाल' म्हणतात, मी एक डबल बेडची चादर न पिळता तशीच बाहेर टाकली. दहा मिनिटांत दारावर थाप, खालच्या बाई. 'मनीना, श्ता आ पिंगार!' मला पिंगार कळेना. त्यांनी माझा हात धरला आणि खिडकीशी नेलं आणि खाली दाखवलं, त्यांच्या दोरीवर वाळत आलेल्या पांढऱ्या उशीच्या खोळींवर माझ्या चादरीचं पाणी टपटप पडत होतं. पिंगार म्हणजे ठिबकणं, तो शब्द मी जन्मात विसरणार नाही. मग त्यांनीच शिकवलं, मोठं कापड बाहेरच्या दोरीवर, मोजे-रुमाल आतल्या, शर्ट खालच्या टोकाला चिमटा लावून उलटा, चिमट्यांना 'मॉलाश' म्हणतात. त्यानंतर मी रोज खिडकीतून डोकं काढून विचारायचे, 'पोसू श्तेंदेर?' वाळत घालू का, आणि खालून आवाज यायचा, 'पोदश, फील्या', घाल गं पोरी. तेव्हापासून आमची ओळख वाढली. पुढे मला ताप आला तेव्हा त्याच बाईंनी सूप आणून दिलं.

कचऱ्याचंही सांगून टाकते. रस्त्यावर 'एकोपोंतू' दिसेल, रंगीत पेट्या. निळी कागद-पुठ्ठ्याची, पिवळी प्लास्टिक आणि डबे-कॅनची, हिरवी काचेची. काही ठिकाणी ओल्या कचऱ्यासाठी तपकिरी. लाल छोटी असेल तर बॅटऱ्यांची. 'उ लीशू' म्हणजे बाकीचा सगळा, तो वेगळा.

कोइंब्रा, पोर्तुगाल इथून, मास्टर्सचा विद्यार्थी, मूळचा कोल्हापूरचा

काकू, आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये, दोन पोर्तुगीज मुलं, एक ब्राझिलियन मुलगी आणि मी. सिंकमध्ये भांडी साठतात. एक जण अजिबात घासत नाही. मी त्याला म्हटलं 'तू तेंश द लव्हार आ लोयसा', तर सगळे एकदम गप्प झाले. व्याकरण बरोबर होतं, मी तपासलं. मग काय चुकलं? मला तू म्हणा प्लीज.

उत्तर: व्याकरण बरोबरच होतं रे. पण ते वाक्य म्हणजे 'तुला भांडी घासावी लागतील', आणि त्यात 'तू' हा शब्द वेगळा उच्चारलास. पोर्तुगीजमध्ये क्रियापदातच तू येतो, 'तेंश' म्हटलं की कळतं कोणाला म्हणतोयस. वरून 'तू' लावला की बोट रोखल्यासारखं होतं, आपल्याकडे 'तूच घास' म्हटल्यासारखं. सुरुवात 'ऑल्या' ने कर. ऑल्या म्हणजे शब्दशः बघ, पण वापर आपल्या 'अरे ऐक ना' सारखा. मग 'कोंसेगश लव्हार आ लोयसा आंतश दू ज्यंतार?' जेवणाआधी भांडी घासायला जमेल का तुला. कोंसेगश हे अगदी आपलं 'जमेल का' आहे. आपल्याकडे कोणी आपल्या वयाच्या मित्राला 'तू घासू शकतोस का' म्हणत नाही, 'जमेल का रे' म्हणतो. 'दा-त ज्येइतू?' हेही तसंच, तुला सोयीचं आहे का, हे तर मी सगळ्यात जास्त ऐकलंय.

तो म्हणेल 'ज्या व्हो'. याचा शब्दशः अर्थ 'आत्ताच जातो' पण ते आपलं 'आलोच' आहे, आलोच म्हणणारा माणूस किती वेळात येतो तुला माहितीय. म्हणून आधीच वेळ घालून विचार, जेवणाआधी, झोपायच्या आधी.

खरा उपाय मात्र फ्रिजवर कागद लावणं. त्याला ते 'श्काला' म्हणतात, कामाची पाळी. चौघांनी बसून करा, एकट्याने करून चिकटवू नकोस. मग भांडण माणसाशी राहत नाही, प्रश्न एवढाच, 'द कें ए आ व्हेश?' आज पाळी कोणाची. आणि तुझी पाळी नसताना कोणी परीक्षेच्या टेन्शनमध्ये असेल तर म्हण, 'दैशा श्तार, एव लाव्हू', राहू दे, मी घासतो. कोल्हापुरात वाढलेल्या मुलाला हे वाक्य शिकवायला नको, फक्त शब्द देतेय. हे दोनदा म्हटलंस की तिसऱ्यांदा तोच म्हणेल बघ.

ब्राझिलियन मुलगी तुझ्याशी बोलताना 'श्तोउ आ लव्हार' न म्हणता 'इस्तो लव्हांदू' म्हणेल, दोन्हीचा अर्थ घासतोय, देश वेगळा एवढंच. परीक्षेत एक धर, घरात दोन्ही ऐक.

साओ पावलो, ब्राझील इथून, मूळच्या ठाण्याच्या एक वाचक

ताई, मी तुमच्याकडेच लिस्बनचं पोर्तुगीज शिकले आणि नशिबाने साओ पावलोला आले. घरी साफसफाईला एक बाई येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना श्फ्रगोना, म्हणजे लादी पुसायचा मॉप दिला आणि म्हटलं यातच बाल्द, म्हणजे बादली आहे, त्यांना दोन्ही शब्द कळले नाहीत. फ्रिजला फ्रिगोरीफिकू म्हटलं तर हसल्या. नंतर त्यांनी मेसेज केला 'क्वार्ता'ला येते, मी चौथा दिवस म्हणून गुरुवारी सुट्टी घेऊन घरी बसले, त्या बुधवारी येऊन दार वाजवून परत गेल्या. त्यांची एक दिवसाची मजुरी बुडाली याचं मला फार वाईट वाटलं. आणि अजून एक, नवरा म्हणतो त्यांना आठवड्यातून तीन दिवस बोलवू, त्यात काही अडचण आहे का?

उत्तर: आधी त्या बुधवारचे पैसे देऊन टाका, त्या आल्या होत्या, दार उघडलं नाही ते आपल्याकडून. वारांचा हिशोब असा की रविवार हा पहिला दिवस धरलाय, म्हणून सोमवार 'सेगुंदा-फेइरा', दुसरा, मंगळवार 'तेर्सा', बुधवार 'क्वार्ता', गुरुवार 'किंता', शुक्रवार 'सेस्ता', शनिवार 'साबादु' आणि रविवार 'दोमिंगु'. आपले वार ग्रहांवरून, स्पॅनिश-फ्रेंच यांचेही बरेचसे ग्रहांवरून, पोर्तुगीजने मात्र मोजणी ठेवली. याचं श्रेय परंपरेने सहाव्या शतकातल्या ब्रागाच्या बिशप मार्तिन्यू यांना देतात, त्यांना ख्रिश्चन माणसाने जुन्या देवतांची नावं घ्यावीत हे पटत नव्हतं. तुम्ही फोनमध्ये वाराच्या समोर आकडा लिहून ठेवा, सोमवार २, मंगळवार ३, बुधवार ४. महिनाभरात हात बसतो.

आता शब्द. ब्राझीलमध्ये श्फ्रगोना नाही, तिथे 'होदू' असतो, लांब दांड्याला आडवी रबराची पट्टी, आपण बाथरूमचं पाणी ओढायला वापरतो तसाच, त्याखाली फडकं घेऊन लादी पुसतात. फडक्याला 'पानु जी शाउं', शाउं म्हणजे जमीन. 'बाल्द' शब्द बरोबर आहे हो, पण ब्राझिलियन तोंडात त्यातला ल चा उ होतो आणि द चा जी होतो, म्हणून 'बाउजी'. तुमच्या बाईंनी कधी लिस्बनचा उच्चार ऐकलेलाच नसणार. फ्रिजला 'ज्येलादेइरा'. कपडे वाळत घालायची दोरी 'वाराउ', चिमटे 'प्रेगादोर'. घराच्या मागच्या बाजूला धुण्याचं मोठं सिंक असतं त्याला 'तांकी'. गॅसचा सिलिंडर 'बोचिज्याउं', तिथला घरगुती १३ किलोचा, आपला १४.२ किलोचा, हाताला जवळपास तोच वाटतो.

एका बाटलीबद्दल कळकळीने सांगते. फरशी-संडाससाठीच्या क्लोरीनवाल्या ब्लीचला पोर्तुगालमध्ये 'लिशीव्ह्या', ब्राझीलमध्ये 'आग्वा सानितारिया', आणि साओ पावलोत बऱ्याच घरी 'कांजिदा'. हे तिन्ही एकच. संडासच्या ॲसिडवाल्या क्लीनरमध्ये किंवा अमोनियावाल्या लिक्विडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. नवीन देशात लेबल वाचता येत नाही तेव्हा हे होतं. कपड्यांच्या सॉफ्टनरला 'आमासियांची' म्हणतात, तो वास छान असतो म्हणून लोक फरशीला घालतात, फरशी निसरडी होते.

बाईंशी बोलताना 'दा प्रा...' आणि 'तेंय कोमू...' ही दोन सुरुवाती पकडा, दोन्ही म्हणजे 'जमेल का'. 'दा प्रा सेन्योरा लिंपार उस व्हीद्रुस ओज्यी?' आज काचा पुसायला जमतील का. 'तेंय कोमू पसार एसास कामीझास?' या शर्टांना इस्त्री जमेल का. पसार हे क्रियापद घरभर फिरतं, पोर्तुगालमध्ये 'पसार आ फेर्रू' म्हणजे इस्त्री करणं, फेर्रू म्हणजे लोखंड, ब्राझीलमध्ये नुसतं 'पसार होपा'. 'पसार पानु' म्हणजे फडकं मारणं. पण तरुण मुलं 'फलाण्यासाठी पसार पानु करतोयस' म्हणाली तर त्याचा अर्थ त्याच्या चुकीवर पांघरूण घालतोयस असा, तेव्हा लादी शोधू नका.

तीन दिवसांचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो तुम्ही आधी विचारलात हे फार चांगलं केलंत. एका घरी आठवड्यातून दोन दिवसांपर्यंत येणारी बाई ही 'जिआरिस्ता', रोजावरची. दोन दिवसांच्या वर नियमित यायला लागली की २०१५ च्या पूरक कायदा क्रमांक १५० प्रमाणे ती घरगुती कर्मचारी ठरते, मग तिची रीतसर नोंदणी, 'कार्तेइरा असिनादा', आठवड्याला जास्तीत जास्त ४४ तास, पगारी सुट्टी, कामगाराच्या निधीत भरायची रक्कम, सगळं तुमच्याकडे येतं. त्याच्या आधी २०१३ मध्ये ब्राझीलने ७२ वी घटनादुरुस्ती करून घरकाम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखे हक्क दिले, तोवर त्यांना ते पूर्ण नव्हते. आपल्याकडे कामवाल्या मावशींना आपण काय देतो हे आठवून मला तो कायदा वाचताना भरून आलं होतं. तीन दिवस लागत असतील तर जरूर बोलवा, पण रीतसर. बाईंना आधी विचारा, त्यांच्या दुसऱ्या घरांचे दिवस ठरलेले असतात.

लिस्बनहून, मूळच्या फोंड्याच्या एक वाचक

मी नागरिकत्वासाठी 'सिप्ले' परीक्षेची तयारी करतेय. क्लासमध्ये टीचरनी विचारलं घरातली कामं कोण करतं, मी म्हटलं 'उ मेव मरीदू अज्युदा', नवरा मदत करतो. टीचर म्हणाल्या वाक्य बरोबर आहे पण विचार कर. मला कळलंच नाही काय विचार करायचा.

उत्तर: सिप्ले ही ए-टू पातळीची परीक्षा, लिस्बन विद्यापीठाच्या केंद्राची, आणि तोंडी भागात रोजचं जगणं येतंच, घर, जेवण, कामं, त्यामुळे या विषयाची तयारी वाया जाणार नाही. टीचरचं म्हणणं असं असावं की 'अज्युदा' म्हटलं की काम तुमचं झालं आणि तो पाहुणा झाला. पोर्तुगीजमध्ये हल्ली हा फरक लोक बोलून दाखवतात, अज्युदार नाही, 'दिव्हिदीर', वाटून घेणं. मी स्वतः या बाबतीत टीचरच्या बाजूची आहे. मदत हा शब्द वापरला की आभार मानावे लागतात, आणि स्वतःच्या घरातली भांडी घासली म्हणून कोणी आभार का मानावेत?

परीक्षेत असं सांगा: 'नोश दिव्हिदीमुश आश तरेफाश', आम्ही कामं वाटून घेतो. 'एव कुझीन्यू, एल लाव्हा आ लोयसा', मी स्वयंपाक करते, तो भांडी घासतो. 'आउ साबदु लिंपामुश आ काझा ज्युंतुश', शनिवारी घर दोघं मिळून साफ करतो. तीन साधी वाक्यं, तीन वेगळी क्रियापदं, परीक्षकाला तेच हवं असतं. आणि समोरच्या उमेदवाराला उलटा प्रश्न विचारायची सवय ठेवा, 'ए आं तूआ काझा, कें ए के कुझीन्या?' आणि तुझ्या घरी कोण स्वयंपाक करतं. फक्त एक, हे वाक्य घरात खरं असेल तरच सांगा. तुम्ही पत्रात लिहिलंय की नवरा रोज कुकर लावतो आणि केर काढतो, मग तो मदत करत नाहीच मुळी, तो त्याचं काम करतो. 'एल व्हारे उ शाउं', तो केर काढतो. असंच सांगा.

रेवदंडा, रायगड इथून, निवृत्त शिक्षक

माझी आजी बालदी, घमेलं, चावी, पिंप असे शब्द वापरायची. नातू म्हणतो हे सगळे पोर्तुगीज. मग आम्ही ते शब्द तिकडे वापरले तर चालतील का?

उत्तर: सर, नातू बरोबर आहे. बालदी 'बाल्द' पासून, घमेलं 'गमेला' पासून, पिंप 'पीपा' पासून, चावी 'शाव्ह' पासून. चावीची गोष्ट तर मी प्रत्येक क्लासमध्ये सांगते. आज लिस्बनमध्ये तो शब्द श ने सुरू होतो, पण सोळाव्या शतकात, म्हणजे ते लोक आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा तो उच्चार च होता, उत्तर पोर्तुगालच्या काही खेड्यांत अजून तसा ऐकू येतो. म्हणजे तुमच्या आजीच्या तोंडात चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार जसाच्या तसा राहिला होता.

तिकडे बालदी चालेल, पिंप म्हटलं तर त्यांना दारूचं मोठं लाकडी पीप डोळ्यासमोर येईल. 'पगार' मात्र जपून वापरा, तिकडे 'पगार' हे क्रियापद, पैसे देणं, पगाराला ते 'सलारयू' म्हणतात. आमच्या गोव्यात यादी अजून लांब आहे, खिडकीला जनेल, खुर्चीला कदेल, चमच्याला कुलेर, हे आम्ही आजही रोज बोलतो.

आणि सर, तुम्ही रेवदंड्याचे म्हणून मुद्दाम लिहिते. खाडीपलीकडे कोर्लई गावात किल्ल्याच्या पायथ्याशी जी ख्रिश्चन वस्ती आहे तिथले लोक घरात जी बोली बोलतात तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. १७४० मध्ये चौल-रेवदंडा-कोर्लई मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज निघून गेले, आणि तरी त्या गावाच्या चुलीपाशी पोर्तुगीज मुळाची ही बोली मराठीच्या शेजारात राहून टिकली, शाळेत नाही, कचेरीत नाही, घरात. तिच्या वाक्यांची मांडणी आता बरीचशी मराठीसारखी झालीय. नातवाला एकदा तिकडे घेऊन जा. कोणा आजीची ओळख काढून, वेळ विचारून जा, आणि त्यांना बालदीला, केरसुणीला, भांडी घासायला काय म्हणतात ते विचारा, आणि जमलं तर ते शब्द वहीत उतरवून मला पाठवा.